लेकरू धरीना, घर सोडीना

केज तालुक्यातल्या युसूफ वडगावाला स्वतःचं पोलीस ठाणं आहे. पण गावातल्या सगळ्यात कसून होणाऱ्या चौकश्या काही ठाण्यात होत नाहीत, त्या बाळंतिणीच्या खोलीत होतात. पहिलटकरीण लेक माहेरी आलेली, दोन दिवसांचं लेकरू दवाखान्यातून नुकतंच घरी आणलेलं, आणि ते अंगावर धरीना, एवढी बातमी ओसरीवर पोचायचा अवकाश, की तपास सुरू. आरोपी एकटीच. कानाला फडकं बांधून, बाजेवर, भिंतीला टेकून बसलेली.

"दूध कुठं गेलं?" हा पहिला प्रश्न.

"आलंच न्हाई अजून."

"आलं न्हाई म्हंजी? सातव्यात काय खाल्लं व्हतं?"

सातव्या महिन्यात काय खाल्लं हे आरोपीला आठवत नसतं, पण आत्याला आठवत असतं. डोहाळजेवणाला पोरीनं दोनदा दही वाढून घेतलं होतं, हे तिनं डोळ्यांनी पाहिलेलं. प्रकरण जवळजवळ तिथंच निकालात निघतं.

हे घर नेमकं कोणाचं, असं विचारू नये. वडगावात अशी घरं गल्लीगल्लीला आहेत, केजला आहेत, अंबाजोगाईला आहेत आणि पुण्यात चौथ्या मजल्यावरही आहेत. पुण्यात आत्याच्या जागी व्हॉट्सॲपचा ग्रुप असतो आणि त्याला चहा द्यावा लागत नाही, एवढाच काय तो फरक.

खोलीत आजी असते. तिनं सात लेकरं अंगावर वाढवली. ती कशी, असं विचारलं तर म्हणते, "घेतलं आन् पाजलं. त्यात काय इचारायचं?" आई असते, तिला सांगायचं पुष्कळ असतं पण आजीपुढं तिची पाळी येत नाही. आत्याचं वर आलंच. चुलतीनं एकाला अंगावर पाजलं आणि दुसऱ्याला डब्यावर वाढवलं, त्यामुळे तिला दोन्ही बाजूंनी बोलण्याचा अधिकार पोचतो. शेजारची असते. आणि एक बाई अशी असते, की ती कोणाची कोण हे घरात कोणालाच सांगता येत नाही. पण ती आल्यापासून बाजेच्या पायथ्याशी बसलेली असते आणि प्रत्येक निर्णयावर "तेच म्हणते मी" असं म्हणते.

एवढ्या सगळ्या जणी आईच्या ताटात बघतात, पंचांगात बघतात, दारावरच्या लिंबू-मिरचीकडे बघतात. लेकराच्या तोंडाकडे मात्र कोणी बघत नाही. घोळ तर बहुतेक वेळा तिथंच असतो. दूध असतं, भूक असते, लेकरूही खणखणीत असतं. फक्त ते तोंड पुरेसं उघडत नाही आणि नुसत्या बोंडाच्या टोकाला लागतं. टोक चोखून दूध येत नाही, दुखतं मात्र भरपूर. भोवतालच्या काळसर भागाचा मोठा घास लेकराच्या तोंडात गेला, तर जीभ आणि जबडा त्याच्या खालून दाब देतात आणि धार लागते. एवढंच गुपित. पुरुष लेखकानं खरं तर या विषयात तोंड उघडू नये, पण तोंड उघडणं हाच विषय असल्यामुळे इलाज नाही.

बरं, लेकरू येताना हे शिकून आलेलं असतं. 1987 साली स्वीडनमधल्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी एक साधं काम केलं. जन्मलेलं मूल पुसून आईच्या उघड्या अंगावर पालथं ठेवलं आणि मग कोणी मध्ये पडायचं नाही असं ठरवलं. लेकरं आधी निपचित पडली. मग ओठ चाळवायला लागली, मुठी चोखायला लागली, पाय रेटत वर सरकली आणि तासाभरात छाती शोधून स्वतःच लागली. पुढं आपल्या महाराष्ट्रात युनिसेफनं आणि ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडियाच्या डॉक्टरांनी याची फिल्म करून दाखवली. ही संस्था 1991 साली वर्ध्यात स्थापन झालेली, म्हणजे घरचीच. प्रयोगात तसं अवघड काहीच नाही. एक अट सोडून: कोणी मध्ये पडायचं नाही.

आपल्याकडं पहिल्या तासाचा कार्यक्रम भरगच्च असतो. पुसणं, वजन, दुपट्यात गुंडाळणं, टोपडं. पेढे की जिलेबी याची घोषणा. चाकणच्या कंपनीत दुसऱ्या पाळीला असलेल्या बापाला व्हिडिओ कॉल, त्यात बापाला लेकरू सोडून दवाखान्याचा पंखा दिसतो. मग नाक कोणावर गेलंय याचा निवाडा. नाक आत्यावर गेलंय, असं आत्या जाहीर करते. नवजात बाळ जन्मल्यावर तास-दोन तास टक्क जागं असतं आणि मग गाढ झोपी जातं. आपण त्याला त्या जागेपणात सगळं दाखवतो, एक आईची छाती सोडून. 2019 ते 2021 या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे आकडे हेच सांगतात. देशात 88.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, आणि तासाभराच्या आत अंगावर घेतलेली लेकरं निघाली 41.8 टक्के. डॉक्टर, नर्स, पलंग, लाईट सगळं हजर होतं. नाकाचा निवाडा लांबला.

दुसरा अध्याय चिकाचा. इथं आपल्या लोकांचं वागणं कळायला फार मोठी बुद्धी लागते. गोठ्यात म्हैस व्याली की सगळ्या आळीचं लक्ष तिच्या चिकावर. खरवस करायचा, वाटी वाटी शेजारी पाठवायचा, "पहिल्या दिसाचा हाय, ताकदीचा" असं बजावून पाठवायचा. वाटी कोणाकडे गेली नाही तर वर्षभर बोलणं बंद. आणि घरातली लेक बाळंत झाली, की तिचं तेच पहिलं पिवळट, दाट दूध जुन्या बायका पिळून टाकायला सांगायच्या, कारण ते "खराब" आणि "जड". आता दवाखान्यात नर्स टाकू देत नाही, तेव्हा आजी त्यावर हरकत घेते.

"एवढुशानं काय व्हतंय? दोन थेंब तर हाईत."

दोन थेंबांनी होतं. पहिल्या दिवशी लेकराच्या पोटात एका वेळी जेमतेम चमचाभर मावतं, आणि चीक तेवढाच येतो. रोगाशी लढणारं सगळं सामान त्या चमच्यात असतं. भरपूर दूध उतरायला दोन-तीन दिवस लागतात, हे जगात सगळीकडं तसंच आहे, बीड जिल्ह्याला त्यातून सूट नाही. पण घरात कोणाला चमचाभर हे प्रमाण पटत नाही. ज्या घरात पाहुण्याला तिसरी भाकरी न विचारता वाढतात, तिथं घरचाच माणूस चमचाभरावर भागवतो म्हणजे काय?

मग मधाचं बोट येतं. मधाचं बोट चुकलं तर गुळाचं पाणी, ते चुकलं तर गुटी. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम नावाच्या जंतूची बीजं असू शकतात, मोठ्यांना ती पचतात, वर्षाच्या आतल्या लेकराला जिवावर बेतू शकतात, म्हणून डॉक्टर वर्षभर मध नको म्हणतात. हे ऐकून आत्या म्हणते, "आमाला दिला व्हता, आमाला काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर आत्याकडे बघून देणं कोणालाही धोक्याचं वाटतं, म्हणून नर्सताई नुसतीच वाटी उचलून घेऊन जाते.

घरी आल्यावर दुधाचा कारखाना चालू करण्यासाठी कच्चा माल ओतायला सुरुवात होते. हळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, शतावरी, खसखस, लसूण-खोबऱ्याची चटणी, बाजरीची भाकरी दुधात कुस्करून, वरून तूप, जेवणावर ओवा आणि बाळंतशेप. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशोबानं पाजणाऱ्या आईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे 600 कॅलरी जास्त लागतात. वडगावात हा कोटा सकाळी नऊच्या आत पुरा होतो. पुढचं सगळं घराण्याच्या अब्रूसाठी खायचं. पोरीनं चांगलं खाल्लंच पाहिजे, त्यात वाद नाही. पण दूध तयार होतं ते मुख्यतः दूध निघतं म्हणून. लेकरानं नीट ओढलं की शरीराला निरोप जातो, अजून बनवा. न ओढलं तर निरोप जातो, बास करा. हळिवानं तो निरोप बदलत नाही. लेकराच्या तोंडातली चूक आईच्या तोंडात लाडू घालून दुरुस्त करायचा हा प्रयत्न पिढ्यान् पिढ्या चालू आहे, आणि लाडू चांगले असल्यामुळे तो बंद पडण्याची शक्यता नाही.

त्यात खोलीतली गर्दी. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिन नावाच्या संप्रेरकामुळे, आणि हे संप्रेरक भलतं लाजाळू आहे. भीती, दुखणं, काळजी, परका माणूस, यातलं काहीही असलं की ते आखडतं. हे शेतकऱ्याला शिकवायला नको. धार काढताना गोठ्यात अनोळखी माणूस उभा राहिला तर म्हैस पान्हवत नाही म्हणून घरधनी त्याला हाकलून देतो, रेडकू पुढं आणतो, म्हशीच्या पाठीवर थाप मारतो, तिच्याशी हळू बोलतो. त्याच घरात लेकीच्या बाजेभोवती सहा जणी कोंडाळं करून बसतात आणि सातवी विचारते, "आलं का गं?"

लेकराचे हाल वेगळे. त्याला दुपट्यात असं करकचून बांधलेलं असतं, की त्याला फक्त डोळे मिचकावण्याची मोकळीक असते. हात आत, पाय आत, उबेनं सुस्त. असलं बोचकं छातीशी नेलं की ते झोपतं. झोपलं म्हणून ठेवलं की रडतं. रडलं की "भूक लागली, आण हिकडं." पण रडणं ही भुकेची शेवटची घंटा आहे. त्याआधी लेकरानं मान फिरवलेली असते, ओठ चाटलेले असतात, मूठ तोंडात कोंबायची धडपड केलेली असते. तेव्हा सगळे म्हणतात, "बघा कसं गोड करायलंय," आणि फोटो काढतात. रडून लालबुंद झालं की मग घाई. रडताना जीभ टाळ्याकडं गेलेली असते, त्या जिभेवर काही ठेवताच येत नाही.

मग मदत सुरू होते. चुलती मागून डोकं धरते आणि छातीवर दाबते. मागून डोकं दाबलं की लेकरू उलट मागं रेटतं, हा त्याचा उपजत स्वभाव. "बघा, त्याला नकोच हाय!" असा त्याचा अर्थ लावला जातो. आजीला नाकाची काळजी. नाक दबेल, लेकरू गुदमरेल, म्हणून ती नातीला दोन बोटांच्या कैचीत छाती मागं ओढून धरायला लावते, आणि कसाबसा लागलेला घास निसटून पुन्हा टोकावर येतो. लेकराचं नाक बसकं असतं, नाकपुड्यांच्या कडेनं त्याला हवा मिळते, आणि खरंच गुदमरलं तर ते स्वतः सोडून देतं. पण आत्यावर गेलेलं नाक धोक्यात घालायला घरात कोणी तयार नसतं.

सरकारनं यासाठी काही केलं नाही असं नाही. ऑगस्ट 2016 मध्ये केंद्र सरकारनं 'मा' नावाचा स्तनपानाचा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या प्रचाराला आपली माधुरी दीक्षित. दरवर्षी 1 ते 7 ऑगस्टला जगभर स्तनपान सप्ताह असतो, दवाखान्यात पोस्टर लागतात. पण पोस्टरवरचं बाळ नेहमी पाच-सहा महिन्यांचं, गुटगुटीत, मान सावरलेलं, पिता पिता कॅमेऱ्याकडं बघून हसणारं असतं. त्याच्या आईच्या साडीची घडी मोडलेली नसते. खाली बाकावर खरी आई बसलेली असते, मांडीवर मान लटपटणारं दोन दिवसांचं लेकरू, छातीला चिरा, डोळ्यांत पाणी, आणि समोर त्या हसऱ्या बाळाचं सहा फुटी चित्र. तिला वाटतं, सगळ्या जगाला जमतंय.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जावईबापूंचा चाकणहून फोन येतो. त्यांनी जेवणाच्या सुट्टीत तीन व्हिडिओ बघितलेले असतात. तिन्ही परदेशी, तिन्हींतली बाई रबरी बाहुलीला पाजत असते आणि बाहुली पहिल्या झटक्यात लागते. ते ठामपणे सांगतात, "तू रिलॅक्स राहा." इकडे धाकट्या मेव्हण्याला मेडिकलमध्ये पिटाळलेलं असतं. तो पावडरीचा डबा आणि बाटली घेऊन येतो. आपल्याकडं 1992 सालापासून कायदा आहे, 2003 मध्ये तो आणखी आवळला. अशा डब्याची जाहिरात करता येत नाही, डब्यावर लेकराचं चित्र छापता येत नाही, आणि आईचं दूधच उत्तम हे त्याच डब्यावर छापावं लागतं. तंबाखूची पुडी सोडली, तर स्वतःच्याच विरुद्ध एवढी साक्ष देणारा दुसरा माल दुकानात मिळायचा नाही. मेव्हणा बारावी शास्त्र असल्यामुळे तो मजकूर मोठ्यानं वाचून दाखवतो. चुलती म्हणते, "लिव्हतेत तसं."

त्या रात्री दूध उतरतं. गेल्या दोन दिवसांत जे जे मागितलं गेलं होतं ते एकदम, व्याजासकट. छाती टणक, ताप आल्यासारखं अंग, आणि फुगलेल्या त्वचेत बोंड सपाट झाल्यामुळे लेकराला धरायला काही उरलेलं नाही. ते तोंड लावतं, घसरतं, ओरडतं. सगळं घर जागं. घरातला कर्ता पुरुष तेवढा घरी नाही, कारण त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची आहे आणि तो बॅटरी घेऊन मोटार चालू करायला गेलाय. रात्रीचं पाजणं टाळू नये असं डॉक्टर सांगतात, कारण दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. म्हणजे थ्री फेज वीज आणि आईचं दूध, दोघांची जोराची वेळ रात्रीचीच. सरकारला निदान निसर्गाशी जुळवून घेतल्याचं श्रेय द्यावं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आशाताई येते. ती येते हा योगायोग नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळांची काळजी घरच्या घरी घेता येते, आणि त्यानं बालमृत्यू घटतात, हे दाखवून दिलं. 1999 साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं, आणि 2011 पासून तीच पद्धत देशभर आशांच्या हाती दिली गेली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी भेट. सहाही भेटींचे मिळून तेव्हा ठरले 250 रुपये. आत्या तेवढ्या दिवसांत फुकट बोलली, यावरून कोणाचं काम जास्त मोलाचं ते घरानं ठरवलेलंच असतं.

आशाताई पिशवी ठेवते, हात धुते आणि एक एक माणूस कामाला लावते. आत्याला कोमट पाणी करायला, चुलतीला उशा आणायला, आजीला दारात कोणी येऊ नये म्हणून राखण करायला. ती कोणाची कोण माहीत नसलेली बाई उठत नाही. तिला आशाताई विचारते, "मावशी, तुम्ही कोणाच्या?" हा प्रश्न या घरात पहिल्यांदाच कोणी विचारलेला असतो. बाई पदर सावरून निघून जाते.

"आता पाजून दाखव. मी बघते फक्त."

पोरगी लेकरू घेते आणि त्याच्यावर कंबरेतून वाकते.

"पाठ दुखती का?"

"तुटायलीय ताई."

"तुटंलच. तू लेकराकडं जाऊ नको, लेकराला तुझ्याकडं आण. नीट टेकून बस. आधी हे गाठोडं सोड."

बोचकं सुटतं. लेकरू आईच्या अंगाला उघडं लागल्याबरोबर डोळे उघडतं आणि घराकडं पहिल्यांदाच नीट बघतं. टणक छातीवर आधी कोमट फडकं, मग हातानं थोडं दूध पिळून मऊ करून घ्यायचं. पिळलेलं वाटीत, वाया घालवायचं नाही, लागलं तर चमच्यानं पाजता येतं. मग येतं अवघड गणित.

"डाव्या अंगाला पाजायचं ना? मग उजव्या हातानं धर."

खोलीत शांतता पसरते. दारात राखणीला उभी आजीसुद्धा हवेत लेकरू धरून बघते आणि दोन्ही हातांचा गुंता करून घेते. मेव्हणा आरशात बघावं लागेल असं सुचवतो, त्याला बाहेर काढलं जातं. मुंबईच्या आयआयटीतल्या डॉ. रूपल दलाल आरोग्य सेविकांना आणि आयांना वर्षानुवर्षं हीच आडवी पकड शिकवत आल्या आहेत: विरुद्ध हाताचा पंजा लेकराच्या कानांमागं मानेला, डोक्याला नाही, लेकराचं पोट आईच्या पोटाला, नाक बोंडासमोर. मग थांबायचं. ओठाला स्पर्श झाला की ते तोंड उघडतं. अर्धं उघडलं तर थांबायचं. जांभईएवढं उघडलं की झटक्यात जवळ घ्यायचं, आधी हनुवटी.

"उघडलं, उघडलं!" पोरीची आई ओरडते. दचकून लेकरू तोंड मिटतं.

पुन्हा. यावेळी लागतं. पण एक बारीक आवाज येतो, टक् टक्, जीभ टाळूला आपटावी तसा. गाल आत ओढले जातात, पोरगी दात खाते.

ओसरीवर तिचे वडील, अण्णा, बसलेले असतात. रात्रभर मोटारीशी झटून आलेले, पाठ खोलीकडं, नजर रस्त्याकडं, कारण हा विषय त्यांचा नव्हे आणि दोन दिवस त्यांनी त्यात एक अक्षर काढलेलं नाही. तो आवाज कानावर पडतो आणि त्यांच्या तोंडून निघून जातं,

"हवा धरायलीय."

घर गार. आजी पदर तोंडाला लावते. अण्णा खाकरून उठतात आणि चपला शोधू लागतात.

"बरोबर बोलले अण्णा!" आशाताई आतून म्हणते. "हवाच धरायलीय. इहिरीत पाणी हाय, मोटार चांगली हाय, फुटवाल बसला न्हाई. मोटार हवा धरती तव्हा तुम्ही इहिरीला शिव्या देता का?"

अण्णांना इतक्या वर्षांत घरातल्या बायकांसमोर कोणी बरोबर म्हटलेलं नसतं. ते चपला सोडून पुन्हा बसतात, पाठ तिकडंच ठेवून. "पाइप ओढून काढू नका म्हणावं," ते रस्त्याला सांगतात. "सांध्यात इजा व्हती."

हेही बरोबर. लेकरू नुसतं ओढून काढलं की बोंडाला चीर पडते. आईनं करंगळी स्वच्छ धुवून लेकराच्या ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवायची, पकड सुटते, मग काढायचं. चीर पडलीच तर त्यावर आपलंच दूध लावून वाळू द्यायचं. आशाताई पकड सोडवते, परत लावायला सांगते. तोंड उघडतं, हनुवटी टेकते, खालचा ओठ बाहेर वळतो, काळा भाग वरून दिसतो आणि खालून दिसत नाही. टक् टक् थांबतं. दोन-तीन भराभर ओढी, मग सावकाश, खोल, आणि मधे घुटका.

"दुखतंय?"

"न्हाई," पोरगी म्हणते, आणि इतका वेळ न रडलेली ती आता रडते. आत्या लगेच म्हणते, "रडू नको, दुधात उतरतं."

इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती, पण दुपारी लेकरू सगळं विसरलेलं असतं. संध्याकाळी एका बाजूला जमतं, दुसऱ्या बाजूला नाही. रात्री जमतं ते अंधारात, सकाळी उजेडात जमत नाही. ही दोघांनी मिळून शिकायची गोष्ट आहे आणि त्यातल्या एकाचं वय तीन दिवस आहे. चोवीस तासांत आठ ते बारा वेळा पाजायचं, म्हणजे सरावाला तोटा नसतो. आशाताईनं जाताना बजावलेलं असतं: लेकरू सुस्त पडलं, उठवून उठेना, लघवी कमी झाली, पिवळं दिसायला लागलं तर घरी उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा, लागलं तर अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालयात न्या. एखाद्याच्या जिभेखालची तार आखूड असते, तेही डॉक्टरच सांगतील.

खरा गोंधळ उडतो तो वजनावरून. सातव्या दिवशी आशाताई काटा काढते तर वजन जन्मापेक्षा कमी. आजी तिला चोर ठरवायच्या बेतात. पहिल्या काही दिवसांत वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांच्या आत असेल तर घाबरायचं नाही, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं, हे ती समजावून सांगते. पोट भरतं की नाही हे कळायला सोपी खूण म्हणजे पाचव्या-सहाव्या दिवसापासून दिवसाकाठी सहा तरी दुपटी ओली. हे काम अण्णा अंगावर घेतात. दोरीवरची दुपटी मोजून ते ओसरीच्या भिंतीवर खडूनं रेघा मारतात, आणि दूध डेअरीच्या हिशोबाची सवय असल्यामुळे सकाळचं आणि संध्याकाळचं वेगळं लिहितात. ऊसतोडीच्या हंगामात हेच गाव निम्मं रिकामं होतं. कोयत्यावर गेलेल्या बाईला ना सात सल्लागार असतात ना भिंतीवर रेघा. पहाटे फडात जायच्या आधी कोपीत लेकराला पाजून घ्यायचं आणि परत कधी पाजायला मिळेल ते मुकादमाला विचारायचं. तिच्याकडं चौकशीला कोणी जात नाही, आत्यासुद्धा नाही.

बारसं होतं. चौदाव्या दिवशी वजन भरलेलं असतं. त्याचं श्रेय आजी हळिवाला देते, आत्या नजर काढल्याला देते, जावईबापू तिसऱ्या व्हिडिओला देतात. आता घरात नवी तक्रार असते: "लई पितंय गं, एवढं पाजू नको."

सगळ्यात जास्त बदल आजीत होतो. सात लेकरं न विचारता पाजलेल्या आजीला ऐंशीच्या घरात पहिल्यांदा कळलेलं असतं, की आपण इतकी वर्षं काय करत होतो त्याला शास्त्र आहे. मग ते शास्त्र गावाला सांगितल्याशिवाय तिला जेवण जात नाही. राज्यात एसटीच्या स्थानकांवर पाजणाऱ्या आयांसाठी हिरकणी कक्ष आहेत, त्यांच्यावर रायगडाच्या त्या हिरकणीचं नाव आहे. तिची गोष्ट आजीला लहानपणापासून पाठ. पण आता ती त्यात सुधारणा करते. "कडा उतरली ते ठीक हाय," ती म्हणते. "खाली आल्यावर लेकरानं पहिल्या झटक्यात धरलं, ते कसं, ते कुणी सांगंना."

परवा ती केजला निघाली होती. एसटीत पुढच्या बाकावर एक बाई पदराआड लेकराला पाजत होती. आजीनं थोडा वेळ कान दिला. मग काठी टेकत उठली, दोन्ही बाकांना धरून पुढं गेली, न विचारता पदराआड डोकावली आणि सगळ्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "हनुवटी टेकव बाई त्याची. आन् खालचा ओठ बाहेर काढ. हवा धरायलंय."

"सव्वा वर्साचं हाय आजी ते," बाई म्हणाली. "बोट घालू नका, चावतंय."